शाळेच्या पटावर नाव आहे, पण शाळा आपली आहे का?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम सांगितलंय, ते दिवाळीच्या आत करायचं आहे.)

परवा 17 सप्टेंबरला एका जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पोरं रांगेत, गणवेश इस्त्रीचे, सरपंच, चेअरमन, आम्ही दोन पत्रकार. भाषणं झाली. स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन. दरवर्षीचंच. लेकरांना लाडू वाटले.

बाहेर पडताना फाटकाजवळ एक पोरगं उभं होतं. आठ-नऊ वर्षांचं. गावाच्या कडेला पालं पडलीत, तिथलं असावं.

मी विचारलं, "शाळेत नाव हाय का रं तुझं?"

"हाय."

"मग आत का नाही गेलास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, हसलं आणि पालाच्या दिशेने पळालं.

तेवढंच. बातमी नव्हती, म्हणून बातमी केली नाही. पण ते "हाय" डोक्यातून जाईना. पटावर नाव आहे, हजेरीत आकडा आहे, वरच्या अहवालात तो मुलगा 'शाळेत दाखल' आहे. झेंडावंदनाच्या दिवशी मात्र तो फाटकाच्या बाहेर.

घरी आल्यावर विचार केला, की आज ज्यांच्या नावाने भाषणं ठोकली ते स्वामीजी आपल्या जिल्ह्यात काय करत होते, हे त्या लेकरांना कुणी सांगितलंच नाही. ते आपल्याकडं मास्तर होते. शाळेचे मास्तर. आपल्या जिल्ह्याचा शाळांचा इतिहास नीट बघितला तर तो असाच आहे. कुणीतरी फाटकाबाहेर असतं, आणि कुणीतरी जाऊन त्याला आत आणतं. आज तोच इतिहास लिहितोय.

*हिप्परग्याची शाळा*

लोहारा तालुक्यातलं हिप्परगा (रवा). 1921 साली इथं राष्ट्रीय शाळा सुरू झाली. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानात शंभरातल्या दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. खालच्या वर्गांत कुठं कुठं मराठी चालायची, पण पुढं शिकायचं म्हणलं की माध्यम उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 ला सुरू झालं, तिथंही सगळं शिक्षण उर्दूतून. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची, आणि ती सहजासहजी मिळत नसे.

कल्पना करा. घरात मराठी, शेतात मराठी, देवळातला अभंग मराठी. आणि वर्गात गेलं की गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. पोरगं हुशार असलं तरी गप्प बसायचं. गप्प बसलं की ते 'ढ' ठरायचं. मग एक दिवस बाप म्हणायचा, चल, गुरं वळ.

अशा काळात हिप्परग्यात मराठीतून शिकवणारी, आश्रमासारखी चालणारी शाळा उभी राहिली. 1929 च्या सुमारास तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण शिकवायला आला. मुंबईत ना. म. जोशींसोबत कामगार चळवळीत काम केलेला हा माणूस आडवळणाच्या खेड्यात येऊन मुख्याध्यापक झाला. बाबासाहेब परांजपे हेही तिथंच शिक्षक होते. खेडगीकरांनी 1932 साली संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1935 मध्ये ते अंबाजोगाईला गेले आणि तिथं योगेश्वरीच्या शाळेचं काम उभं केलं. पुढं तेच स्टेट काँग्रेसचे नेते झाले, बाकीचा इतिहास आपल्याला पाठ आहे.

आपण त्यांना लढ्याचे सेनापती म्हणून ओळखतो, ते बरोबरच आहे. पण या सेनापतीची पहिली फळी वर्गात तयार झाली. ज्या पोराला आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो, ते पोरगं पुढं सरकारलाही प्रश्न विचारतं. 1938 मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी आली, तेव्हा पोरांनी ती मोडली आणि शेकडोंची नावं विद्यापीठातून काढली गेली. त्यातल्या कितीतरी जणांना नागपूर विद्यापीठाने दार उघडलं. एका दाराने बाहेर काढलं, दुसऱ्याने आत घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्याच पोरांतले.

*1948 नंतरची दुसरी बाजू*

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. पाटी बदलली, माध्यम बदललं. आपली भाषा वर्गात आली. हे आपलं मोठं यश.

पण पत्रकार म्हणून दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्या घरात उर्दू होती, त्या घरातलं पोरगं एका वर्षात तिथं येऊन पडलं, जिथं काल मराठी पोरगं होतं. नुसतं भाषेचं असतं तर वेगळं. पोलीस अ‍ॅक्शननंतर काय झालं याचा तपास करायला केंद्राने पंडित सुंदरलाल समिती पाठवली होती. तिच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे सांगितलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. पहिलं नाव आपलं आहे. रझाकारांचे अत्याचार खरे, त्यात मेलेली, लुटलेली आपली माणसंही खरी. आणि नंतर ज्यांनी काहीही केलं नव्हतं अशा गरीब मुसलमान घरांवर जे आलं, तेही खरं. आपल्याकडे जुनी माणसं हे दबक्या आवाजात सांगतात.

त्या घरातलं लेकरू 1949 च्या जूनमध्ये कसं गेलं असेल शाळेत? कुणाच्या शेजारी बसलं असेल? याची नोंद कुठल्या हजेरीपटावर नसते. 17 सप्टेंबरच्या भाषणात एक वाक्य त्या लेकरासाठीही असावं, एवढंच माझं म्हणणं.

*तडवळ्याचा मुक्काम*

आता थोडं मागं, 1941 मध्ये. कसबे तडवळे, आपल्या धाराशिव तालुक्यातलं गाव. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला तिथं महार-मांग वतनदार परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. त्यांचा मुक्काम गावच्या शाळेच्या इमारतीत होता. गाव आजही ती इमारत दाखवतं आणि दरवर्षी तो दिवस साजरा करतं.

ही गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली, बातमीही केली. पण त्याचा अर्थ उशिरा कळला. बाबासाहेबांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहून ठेवलंय. शाळेत बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण ते झाडणाऱ्या गड्यालाही चालायचं नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. नळाला हात लावायचा नाही.

ज्या माणसाला लहानपणी शाळेच्या नळाला हात लावू दिला नाही, तो माणूस आपल्या जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मुक्कामाला होता. पुढं 1950 मध्ये त्यांनीच औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच नंतर मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती अशी पोरं तिथं गेली. आपल्या जिल्ह्यातूनही गेली. आज आपल्याकडं जे दलित वकील, प्राध्यापक, अधिकारी दिसतात त्यांच्या घरात विचारा, आजोबांचं किंवा बापाचं मिलिंदचं नाव निघेलच.

*दाराजवळचा मुलगा*

इथं माझं सांगतो. टाळलं तर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

मी तिसरी-चौथीत होतो, म्हणजे 1980 चं दशक संपत आलेलं. गावाचं, शाळेचं नाव घेत नाही. वर्गात एक मुलगा कायम दाराजवळ बसायचा. त्याला तिथं बस असं कुणी म्हणलं नव्हतं. गुरुजी चांगले होते, कुणाला टाकून बोलत नव्हते. पण पहिल्या दिवशी तो जिथं बसला, तिथंच चार वर्षं बसला. सतरंजी दारापर्यंत पुरत नव्हती, म्हणून तो फरशीवर.

पाणी प्यायच्या सुट्टीत आम्ही रांजणातून तांब्याने प्यायचो. तो ओंजळ करायचा आणि आमच्यातला कुणीतरी वरून ओतायचा. कधी कधी मी ओतायचो. मला त्यात काही वाटायचं नाही. उलट मी त्याला पाणी देतोय, म्हणजे मी चांगला मुलगा, असं वाटायचं.

पाचवीला तो दिसला नाही. गुरुजींनी दोन-तीन दिवस नाव पुकारलं, मग पुकारायचं बंद केलं. मीही विचारलं नाही.

पुढं पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं. 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. लेखक धनेगावचे. धनेगाव आज लातूर जिल्ह्यात, पण 1982 पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, म्हणजे ती आपल्याच जुन्या जिल्ह्याची गोष्ट. त्यात एक प्रसंग आहे. हे पोरगं शाळेत जायला लागतं, वस्तीत लेकरांना हगवण-उलट्या होतात, आणि वस्तीतलीच माणसं म्हणतात, हा शाळेत जातो म्हणून आपल्यावर संकट आलं. शाळा इतकी परकी, की तिची भीती वाटावी. ते वाचताना मला तांब्या आठवला. पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसलो होतो.

पटावर माझ्या वर्गमित्राचं नाव होतं. कायद्याने तो आमच्याच बरोबरीचा होता. शाळा त्याची झाली नाही, आणि त्यात माझाही हात होता.

*30 सप्टेंबर 1993*

आता दहा-बारा दिवसांवर 30 सप्टेंबर आलाय. आपल्या जिल्ह्यात ही तारीख सांगावी लागत नाही.

गणपती विसर्जनाची रात्र. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर परिसर हलला. लातूर आणि उस्मानाबाद मिळून 52 गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. दगड-मातीची जाड भिंतीची घरं, माणसं झोपेतच गाडली. माझं गाव लांब होतं, आमची भांडी नुसती वाजली. पण पंधरा-वीस दिवसांनी आमच्या शाळेत नवीन पोरं आली. मामाकडं, आत्याकडं आणून सोडलेली. ती बोलायची नाहीत. वर्गात बेंच सरकला, आवाज झाला, की दचकायची.

तेव्हा 'मानसिक आरोग्य', 'समुपदेशन' हे शब्द आमच्या शाळेत कुणी ऐकले नव्हते. पण आमच्या एका बाईंनी एक गोष्ट केली. त्यांनी त्या पोरांना मधल्या रांगेत बसवलं. दोन्ही बाजूला आम्ही. आणि आम्हाला सांगितलं, "त्यास्नी काही विचारू नका. डबा खाताना सोबत घ्या, बास." कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकून आल्या नव्हत्या. त्यातली एक मुलगी मार्चमध्ये पहिल्यांदा हसली तेव्हा बाई पदराने डोळे पुसत होत्या, ते मला आठवतंय.

ज्यांना मामा-आत्याही उरले नाहीत, त्यांचं काय? समाजवादी नेते पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं केलं. नावाकडं लक्ष द्या. अनाथाश्रम नाही, बालगृह नाही. आपलं घर. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली. ती पोरं आता चाळिशीत आहेत, माझ्याच वयाची. काही शिक्षक झाली, काही अधिकारी, काही परत येऊन शेती करतात. सगळ्यांचं सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. पण अभ्यासाच्या आधी झोपायला सुरक्षित जागा, पोटभर जेवण आणि नावाने हाक मारणारं कुणीतरी लागतं, हे आपल्या जिल्ह्याने तेव्हा बघितलं.

*यमगरवाडी*

याच काळात तुळजापूर तालुक्यात आणखी एक काम उभं राहत होतं. यमगरवाडी.

इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यातून पुसला गेला. कायद्यातून गेला, नजरेतून गेला का? गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही कुठल्या वस्तीवर जाते, हे क्राइम रिपोर्टिंग केलेल्या माझ्यासारख्याला विचारा. बापाला पहाटे उचलून नेलंय आणि त्याच दिवशी पोराने दहा वाजता प्रार्थनेला यावं, ही अपेक्षा.

गिरीश प्रभुणे आणि भटके-विमुक्तांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यमगरवाडीच्या माळावर या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. पारधी आणि इतर भटक्या जमातींची पोरं तिथं राहून शिकायला लागली. प्रभुणेंना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या पोरांना रानातली पाखरं, झाडं, माग काढणं, नेम धरणं येतं. आपल्या शाळेत याला शून्य मार्क. जिथं याला मान मिळतो, तिथं पोरगं टिकतं.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण खाली कमेंटमध्ये भांडणं होणार हे मला माहीत आहे. हिप्परगा काँग्रेसच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या विचाराचं. तडवळे-मिलिंद आंबेडकरी. 'आपलं घर' समाजवादी. यमगरवाडी संघ विचाराच्या माणसांचं. चार झेंडे, चार विचार, एकमेकांशी कधी पटलं नाही. पण काम बघा. चौघांनीही पोराला "तू ये" म्हणून सोडलं नाही. चौघांनीही जागा केली: भाषेची, बसायची, झोपायची, जेवायची. झेंडा बघून वाद घालायचा असेल तर जरूर घाला, पण आधी आपल्या झेंड्याखाली आज अशी एक तरी शाळा चालते का, ते बघा.

*आजचं फाटक*

आता वर्तमान. आज फाटकाबाहेर कोण आहे?

पहिलं, कोयता. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय परत येता येत नाही. बाळ पाठीवर, आणि मोठं पोरगं बाळ सांभाळायला. मार्च-एप्रिलला परत येईपर्यंत वर्ष गेलेलं असतं. आणि उलटंही होतं, आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. त्यांची पोरं आपल्याच गावच्या शिवारात कोपीत राहतात, आणि आपण त्यांना 'टोळीची पोरं' म्हणतो.

यावर उपाय कागदावर आहे. हंगामी वसतिगृह: आईबाप गेले तरी पोरगं गावातच आजी-आजोबांकडं राहील, सकाळ-संध्याकाळ जेवण मिळेल, शाळा सुटणार नाही. बाहेर गेलंच तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत लगेच बसता यावं. पण यादी वेळेत झाली तरच. टोळी गेल्यावर सर्व्हे झाला तर कागद पूर्ण होतो आणि पोरगं उसात असतं.

दुसरं, तांडा. आपल्या जिल्ह्यात बंजारा तांडे कमी नाहीत. पहिलीच्या भिंतीवर चित्र असतं, खाली लिहिलेलं असतं 'आई'. तांड्यावरच्या लेकराला 'याडी' माहीत असते. ते गप्प बसतं. आणि आपण म्हणतो, ही पोरं मागं असतात. आठवलं का काही? शंभर वर्षांपूर्वी निजामाच्या शाळेत मराठी पोरगं असंच गप्प बसत होतं, आणि त्यासाठी आपण लढा दिला. आज गोरमाटी, पारधी बोलणारं लेकरू आपल्या वर्गात गप्प आहे, आणि त्याच्यासाठी निजाम आपणच आहोत. कडक वाटेल, पण मला दुसरा शब्द सापडला नाही. मराठी शिकवू नका असं कुणी म्हणत नाही. पहिले सहा महिने त्याच्या बोलीतले पन्नास शब्द गुरुजींना यावेत, तांड्यावरची एखादी शिकलेली ताई वर्गात मदतीला यावी, एवढंच. आपल्याच जिल्ह्यात काही शिक्षक स्वतःहून हे करतात, त्यांना मनापासून नमस्कार.

तिसरं, पटसंख्या. 2017 च्या शेवटी दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करायचा निर्णय झाला. नंतर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा विषय आला. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात. 2023 मध्ये समूह शाळांची कल्पना आली, म्हणजे आजूबाजूच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी.

यात दुसऱ्या बाजूचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. चार पोरं आणि एक गुरुजी, असा वर्ग मी बघितलाय. खो-खो खेळायला गडी नाही, भांडायला कुणी नाही, गुरुजी मीटिंगला गेले की शाळा बंद. तेही एकटेपणच. मोठ्या शाळेत मैदान मिळेल, मित्र मिळतील. पण तीन किलोमीटरवरच्या शाळेत कोण जाईल आणि कोण गळेल, हे आपल्याला आधीच माहीत आहे. ज्याच्या बापाकडं मोटारसायकल आहे ते जाईल. वाडीवरची सातवीतली मुलगी गळेल, आणि दोन वर्षांत तिचं लग्न होईल. तिचं नाव मोठ्या शाळेच्या पटावर असेलच की. त्या फाटकाजवळच्या पोरासारखं.

आपला जिल्हा 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. तेव्हापासून आकडे भरायची घाई जास्त झालीय. आकडे लागतातच, मी नाही म्हणत नाही. पण पोराला शाळा आपली वाटते का, याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. तो आपणच भरायचा.

*मग करायचं काय?*

सरकारने हे करावं, ते करावं अशी यादी मी देणार नाही. गावातून होण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो.

एक. शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच पाहिजेत. शिवाय वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या गावच्या समितीची यादी मागा आणि बघा: पालावरचं, तांड्यावरचं, ऊसतोडीचं, उर्दू बोलणाऱ्या घरातलं कुणी आहे का? का सगळी सरपंचाच्या भावकीतली नावं आहेत? यादी मागायला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन. दसऱ्याच्या आत आपल्या गावात कोण कोयत्यावर जाणार आणि कुणाची पोरं मागं राहू शकतात, याची यादी गावानेच करून मुख्याध्यापकांकडं द्या. लेखी द्या, पोच घ्या. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळी निघायच्या आत गेला पाहिजे. टोळी तुमच्या शिवारात येत असेल, तर कोपीवर एकदा गुरुजींना घेऊन जा. मास्तर दारात आला की त्या आईबापाला काय वाटतं, ते एकदा बघाच.

तीन. आपल्या पोराला घरी विचारा, "तुझ्या वर्गात दाराजवळ कोण बसतं?" उत्तर येईल. प्रत्येक वर्गात कुणीतरी असतंच. मग म्हणा, उद्या त्याच्या शेजारी बस. डबा सोबत खा. फुकटचं काम आहे. माझ्या आईने मला तेव्हा विचारलं असतं तर, असं मला आज वाटतं. तिला दोष देत नाही, तिला स्वतःला शाळेत कुणी घातलं नव्हतं.

मी काल संध्याकाळी परत त्या गावाला जाऊन आलो. पालं अजून आहेत. ते पोरगं भेटलं नाही, बापाबरोबर बाजाराला गेलं होतं. त्याची आई भेटली. मी म्हणलं, "ताई, शाळेत पाठवा की त्याला." ती म्हणाली, "जातो की दादा कधी कधी. पण जेवणाची सुट्टी झाली की परत येतो. एकटंच बसावं लागतं म्हणतो."

मुख्याध्यापकांना भेटलो. चांगला माणूस आहे, दोन वर्गांना एकटा शिकवतो. सोमवारी आम्ही दोघं मिळून पालावर जायचं ठरलंय. काय होतं ते लिहीन इथंच.

तुमच्या गावची गोष्ट कमेंटमध्ये लिहा. शाळेचं, पोराचं नाव टाकू नका. हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावाचा नमुना कुणाकडं असेल तर मला पाठवा, मी सगळ्यांना देतो.